डाव्या दाराचा उंबरठा

विक्रोळी स्टेशनबाहेर झेंडूची पोती उतरायला लागली की लोकांना देवी आठवते, गरबा आठवतो, नऊ दिवसांच्या नऊ रंगांच्या साड्या आठवतात. मला गंजलेला पत्रा आठवतो. काल शाळेतून येताना फुलवालीने माझ्यासमोरच एक पोतं उपडं केलं, केशरी ढीग भसकन पसरला, आणि मी तिथेच उभी राहून एकटीच हसायला लागले. बाई, घेताय की नुसत्याच हसताय, असं तिने विचारलं. अर्धा किलो घेतला. दसऱ्याला अजून आठ दिवस आहेत, तोवर या फुलांचं काय होणार हे मला कळतं. तरी घेतला.

गेल्या वर्षीचं नवरात्र माझ्या अंगावरून अजून उतरलेलं नाही. ऑक्टोबरचं ते चिकट ऊन, सहामाही परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे, साकीनाक्याच्या गॅरेजमधला वेल्डिंगचा निळा उजेड, आणि घरात सकाळ-संध्याकाळ एकच विषय. गाडी ठेवायची की काढायची, आणि ठेवायची तर तिच्यावर किती पैसा घालायचा. म्हणायला विषय गाडीचा होता. खरा विषय आईचा होता. आई यापुढे घराबाहेर पडणार की गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहणार, हे त्या गाडीवर ठरणार होतं.

गाडी म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. चार दारांची, छोटी, एके काळी डाळिंबी रंगाची. आता तिचा रंग कुठला, हे सांगताना मी जरा अडखळते. बाबा रिटायर झाले त्या वर्षी त्यांनी ती घेतली, तीही कुणीतरी दोन वर्षं वापरलेली. बाबा मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर विक्रोळीत एका कारखान्यात लागले, आणि उभा जन्म बसच्या रांगेत काढला. त्यामुळे कन्नमवार नगरात आमच्या बिल्डिंगखाली ती गाडी येऊन उभी राहिली, त्या दिवशी त्यांनी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. प्रदक्षिणा घालताय का, असं मी विचारलं तर म्हणाले, टायर बघतोय. बाबांचं हे असंच आहे. मनात एक असतं आणि विचारलं की टायर सांगतात.

गाडीचा पहिला दसरा मला लख्ख आठवतो. बाबा पहाटे उठून बादली आणि जुनं बनियन घेऊन खाली गेले. गाडी धुतली, पुसली, झेंडूचा हार घातला. तो हार एवढा लांब झाला होता की दोन्ही बाजूंनी चाकापर्यंत लोंबत होता. बोनेटवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक, चारी चाकांखाली चार लिंबं, आणि मग नारळ. नारळ फोडायचा म्हटलेलं त्यांना चालत नाही, वाढवायचा म्हणायचं. हे सगळं ते एकटे करायचे. आम्ही नटूनथटून खाली उतरायचो तोवर पूजा आटोपलेली असायची, दारं ओलसर, हवेत ओल्या खोबऱ्याचा आणि झेंडूचा वास, आणि बाबा नारळाच्या दोन वाट्या हातात घेऊन उभे. चेहरा असा की वर्गात पहिला नंबर आलाय.

पुढे हे फक्त दसऱ्यावर थांबलं नाही. पाडव्याला नारळ. गणपतीला गावी निघताना नारळ. मे महिन्यात निघताना नारळ, आणि सुखरूप परत आलो म्हणून आणखी एक. कोकणी माणसाच्या घरात नारळाला कधी तोटा नसतो, आणि बाबांना निमित्ताला तोटा नव्हता. अशी अठरा वर्षं गेली.

आणि त्याच अठरा वर्षांत गाडीत एक वास मुक्कामाला आला. आंबूस, किंचित गोडसर, नाकाला नक्की कळणार नाही असा. काचा बंद केल्या की यायचा, उन्हात गाडी उभी राहिली की जास्त यायचा. त्या वासावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नावरही झाली नाही. माझा धाकटा भाऊ नितीन, तो बोरिवलीला राहतो, त्याचं ठाम मत की ही एकदा सांडलेल्या सुरमईच्या पिशवीची करणी आहे. मी फणसावर संशय घेतला. आईने बाबांच्या चपलांवर घेतला. डॅशबोर्डवर कापूर ठेवून झाला, सीटखाली लिंबू कापून ठेवलं, कॉफीची पुडी उघडून ठेवली. मग गाडीला आंबूस कॉफीचा वास यायला लागला. शेवटी आम्ही हात टेकले आणि त्या वासाला घरचाच मानला. खरं सांगते, गावाहून परतताना पनवेलच्या पुढे तो वास आला की आपण आपल्या घरात आहोत असं वाटायचं.

आता आईच्या पायाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. नऊ वर्षांपूर्वी ती बाथरूममध्ये घसरली. डाव्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली, प्लेट बसली, पण तो पाय वाकायचा तो थांबलाच. सरळ, काठीसारखा. चालते ती, हळूहळू, पण छान चालते. जिना उतरते. अडतं ते बसायला. रिक्षात तो पाय बाहेर रस्त्यावर येतो. नितीनची गाडी उंच आहे, तिच्यात आईला चढवायची म्हणजे दोन माणसांनी उचलायची, आणि आईला उचललेलं आवडत नाही. मी काय तांदळाचं पोतं आहे का, असं तिने एकदा भर रस्त्यात विचारलं होतं.

मार्ग काढला तो गायकवाडांनी. सुखदेव गायकवाड म्हणजे आमचे गॅरेजवाले. परभणीकडून वीस वर्षांचे असताना मुंबईत आले, आता साठीला टेकलेत, साकीनाक्याच्या एका बोळात त्यांचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे एक गाडी आत आणि दुसरी अर्धी रस्त्यावर, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या खाली पान्यांची ओळ, लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेली. त्यांनी आईला त्या बोळात आणायला लावलं, गाडीत बसवलं, उतरवलं, परत बसवलं. पायाला किती जागा लागते ते बोटांनी मोजलं. मग पुढची डावी सीट सोडवून तिचे रूळ चार बोटं मागे नेऊन बसवले. मागच्या सीटवर त्यानंतर डावीकडे माणूस मावेना, तिथे फक्त नारळ आणि पिशव्या बसू लागल्या. पण आई बसली! आधी पाठ आत टाकायची, मग उजवा पाय घ्यायचा, मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलून उंबरठ्यावरून आत. दाराच्या खालच्या पट्टीला ती उंबरठाच म्हणते. त्या दिवसापासून तिचं जग परत सुरू झालं. रविवारी भांडुपला मासळी, महिन्यातून दोनदा घाटकोपरला भजन, आणि दर गुरुवारी मुलुंडला तिच्या बहिणीकडे, आमच्या मावशीकडे. दोघी बहिणी तीन तास बोलतात आणि निघताना दारात उभ्या राहून आणखी अर्धा तास बोलतात. हे असं आठ वर्षं चाललं होतं.

आणि मग गेल्या वर्षी गाडीला वीस वर्षं झाली. वीस वर्षांच्या गाडीला परत तपासून घ्यावं लागतं, पासिंग करून घ्यावं लागतं, नाहीतर ती रस्त्यावर आणता येत नाही. मुदत दसऱ्यानंतरच्या आठवड्यात संपत होती. मी शिस्तीची बाई आहे, पंचवीस वर्षं पाचवीचा वर्ग सांभाळलाय. ओट्याशी उभी राहून आई-बाबांना आधीच ठणकावून सांगितलं की तीस हजार. त्याच्या पुढे एक रुपया नाही. नितीनने फोनवर मला शाबासकी दिली आणि वर सांगितलं की भंगारवाला वीस हजार देतोय, त्यामुळे तीसही जास्तच आहेत.  आई कोथिंबीर निवडत होती, निवडत राहिली.

नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी गाडी गायकवाडांकडे नेली. त्या दिवशीचा रंग पिवळा होता. आमच्या शाळेतल्या सगळ्या बाया पिवळ्या, मीही पिवळी, आणि तशीच शाळा सुटल्यावर थेट गॅरेजात. गायकवाडांनी माझ्याकडे पाहिलं आणि एक जुना टायर फडक्याने पुसून दिला, बसा ताई म्हणाले. मी पेपरांचा गठ्ठा मांडीवर घेतला. ते गाडीखाली गेले, बाहेर आले, बोनेटमध्ये डोकं घातलं, मग डावं दार उघडून रबरी मॅट उचलली.  मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर जमिनीच्या पत्र्यावर टेकवला, नुसता टेकवला हो, आणि तो बिस्किटात जावा तसा आरपार गेला.

मी उठून पाहायला गेले. त्या भोकातून साकीनाक्याचा रस्ता दिसत होता. एक बाटलीचं झाकणसुद्धा दिसत होतं.

सीटचे रूळ ज्या पत्र्यावर बसवले होते, तोच पत्रा कुजला होता. म्हणजे आई आजवर ज्यावर बसत होती, त्याच्या खाली जवळजवळ काहीच नव्हतं.  मी पावसाला शिव्या घातल्या. गायकवाड मान हलवत राहिले. पाऊस असता तर चारी दारांना लागला असता, त्यांनी सांगितलं, हे एकाच दाराला आहे. मग त्यांनी मॅटच्या खालून बोटाने काहीतरी उकरून काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. करवंटीचा नखाएवढा तुकडा होता. त्याला लाल लागलेलं होतं. मला तो गंज वाटला. गायकवाडांनी ते उजेडात धरलं आणि म्हणाले, कुंकू आहे.

त्यांनी बोटाचा वास घेतला. मग माझ्यापुढे धरलं. आंबूस, किंचित गोडसर. अठरा वर्षांचा आमचा घरचा वास!

"ताई," ते म्हणाले, "काका नारळाचं पाणी कुठं ओततात, जरा विचारा."

डोकं फिरलं माझं. इतकं, की घरी येताना बसमध्ये कुणाशी तरी उगाच भांडले. सगळं मिळून खर्च निघाला होता चौसष्ट हजार. पत्रा कापून नवा बसवायचा, रूळ नवे, ब्रेक, दोन टायर, सायलेन्सर, दिवे, एसी, आणि वर सगळा रंग. चौसष्ट! रात्रीचं जेवण वाढेपर्यंतही मला दम निघाला नाही. बाबा हात धुऊन पाटावर बसतात न बसतात तोच मी सुरू झाले. पंचवीस वर्षं पाचवीला ओरडून माझा आवाज तापलेला आहे, तो सगळा मी त्यांच्यावर काढला. गाडीच्या आत कोण पाणी ओततं का, पूजा बाहेरून करतात, हे कुणी शिकवलं तुम्हाला, वगैरे. बाबांनी ताटातल्या भाताची रास केली, मोडली, परत केली. त्यांचं तोंड एवढंसं झालं. त्यांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होतं, आणि होमवर्क न आणलेल्या पोरासारखे ते माझ्यासमोर बसले होते. मला वाईट वाटलं, पण थांबताही येईना.

आईने मला हाताने गप्प केलं. तिला काही उमगेना. ती दर वेळी सगळ्यात शेवटी खाली उतरते, पूजा झाल्यावर. तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिने बाबांना विचारलं की पाणी नेमकं कुठे ओतलंत.

"तुझ्या दारात," बाबा ताटाकडे बघत म्हणाले. मग, "तू थंयसून पाय आत टाकतंस ना. म्हणान."

मला वाटलं, आता तरी टायर सांगतील. नाही सांगितले.

 मग हळूहळू, तुकड्यातुकड्याने, ते पुढचं बोलले. गावच्या घरी आई लग्न होऊन आली तेव्हा उंबरठ्यावर पाणी घातलं होतं, माप ठेवलं होतं. मुंबईला आल्यावर मात्र ती थेट भाड्याच्या खोलीत शिरली, कुणी पाणीबिणी घातलं नाही, त्या दिवशी बाबांना कामावर जायची घाई होती. ते त्यांच्या मनात राहिलं. पुढे गाडी आली, तिला दार होतं, दाराला उंबरठा होता. आणि ती आत पाऊल टाकणार होती. मग त्यांनी दर वेळी घातलं. बस्स, एवढंच होतं. पन्नासेक वर्षं संसार झाला होता त्यांचा, आणि यातलं एक अक्षर त्यांनी आईला कधी सांगितलं नव्हतं.

आईच्या चेहऱ्याकडे मी बघत होते. मला वाटलं ती रडणार. तिचे ओठ हललेही. आणि एकदम ती हसायला लागली. अशी हसली, अशी हसली की पाण्याचा तांब्या कलंडला, पदर डोळ्यांना लावला तरी हसू आवरेना. "आणि मी मेली अठरा वर्सां तुमच्या चपला धुतंय," ती म्हणाली. मग बाबा हसले. मग माझाही राग कुठल्या कुठे गेला. शेजारच्यांनी दार वाजवून विचारलं की काय झालं, तेव्हा कुणालाच सांगता येईना.

पण हसून पत्रा बसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनेच विषय काढला. शांतपणे, चहा गाळता गाळता. गाडी देऊन टाकूया म्हणाली. माझ्यासाठी एवढे पैसे घालू नका, माझं सगळं फिरून झालंय, मावशीशी फोनवर बोलता येतं.  नितीनने त्याच दिवशी तिला मुलुंडला न्यायला मोबाइलवरून टॅक्सी मागवून दिली, त्याचा जीव आहे तिच्यावर, तो काही वाईट नाही. त्या टॅक्सीची पुढची सीट मागे सरकेना. आईला मागे आडवं बसवलं, पाय सीटवर लांब करून. प्रत्येक ब्रेकला ती घसरायची आणि मी तिला धरून वर ओढायची. भांडुपच्या सिग्नलला तिने मला सांगितलं की परत फिरवायला सांग. घरी येऊन तिने मावशीला फोन केला, पायाला बरं नाही, या वर्षी ओटी भरायला येत नाही म्हणाली. मावशीची ओटी चुकली असं नवरात्र मला आठवत नाही. मग ती गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसली. खाली गाडीची जागा रिकामी होती, तिथे मुलं क्रिकेट खेळत होती. ती ते बघत बसली.

त्या संध्याकाळी मी परत साकीनाका गाठला. हिरवी साडी, मांडीवर पेपर, तोच टायर. गायकवाडांना म्हटलं, आपण ही गाडी पेपरासारखी तपासूया, प्रश्नाप्रश्नाने. एकेक काम घ्यायचं आणि विचारायचं, याचा आईच्या बसण्याशी काही संबंध आहे का? पत्रा आणि रूळ, आहे. ब्रेक, आहे, थांबता आलं पाहिजे. टायर, दिवे, आहे. सायलेन्सर नसला तर पासिंग नाही, म्हणजे तोही आहे. रंग? गायकवाडांनी हात हवेत उडवला. गंज निघेल तिथे हात फिरवतो, बाकी राहू द्या म्हणाले. मागच्या दाराला नितीनने गाडी शिकताना पाडलेला खड्डा आहे, पुढच्या बंपरवर कुडाळच्या एका म्हशीची खूण आहे. मलाही ते जावं असं वाटत नव्हतं. एसीवर जरा अडलो, ऑक्टोबर होता आणि घाम कानामागून वाहत होता. तिथूनच आईला फोन लावला. तिला एसी मुळी नकोच होता. काच उघडी असली म्हणजे बाहेरच्या लोकांचं बोलणं ऐकू येतं, असं ती म्हणाली, आणि मग लगेच सावरून, पण गाडी विकायची ना, मग कशाला विचारतेस?

शेवटी आकडा आला एक्केचाळीस हजार. माझे तीस आणि वर अकरा. भंगारवाल्याच्या दुप्पट. मी त्या आकड्याकडे बघत बसले. इतके दिवस मी गाडीची किंमत काय, हेच विचारत होते. दर गुरुवारच्या त्या तीन तासांची आणि दारातल्या अर्ध्या तासाची किंमत मला कुणी विचारली असती, तर मी काय सांगितलं असतं? अकरा हजारांत ते स्वस्त होतं. मी हो म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर इतकं हलकं वाटलं की समोरच्या पेपरातल्या पोराला मी निबंधात दोन मार्क जास्त देऊन टाकले. त्याच्या पानावर माझ्या अंगठ्याचा काळा ठसाही उमटला. त्याच्या आईने नंतर शाळेत येऊन विचारलं, बाई हे काय? मी म्हटलं, ग्रीस.

ते पुढचे पाच दिवस माझ्या आयुष्यातले फार आनंदाचे गेले, हे कुणाला सांगितलं तर हसतील. रोज वेगळ्या रंगाची साडी आणि रोज तोच बोळ. कुजलेला पत्रा कापून बाहेर आला तेव्हा गायकवाडांनी तो मला दाखवला. जाळीच झाली होती त्याची. वेल्डिंग सुरू झालं की मी पाठ फिरवून बसायची, आणि भिंतीवर निळा उजेड नाचायचा, बुद्धाच्या चेहऱ्यावरून, पान्यांवरून, माझ्या पेपरांवरून. एक दिवस बाबा आले. काठी टेकत, रिक्षाने, एकटेच. नव्या पत्र्यावर त्यांनी हात फिरवला. गायकवाडांशी त्यांची जुनी दोस्ती, आणि जुनी थट्टाही. बाबा त्यांना दर दसऱ्याला जेवायला बोलावतात. गायकवाडांचा त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो, ते सकाळी पांढरा शर्ट घालून विहारात जातात आणि दुपारी आमच्याकडे जेवायला येतात. पूजेचं तुम्ही बघा काका, ब्रेकचं मी बघतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या दिवशी मात्र ते थट्टा करत नव्हते. बाबा नुसतेच पत्र्यावर हात ठेवून उभे होते ना.

"काका," ते म्हणाले, "लोखंडाला माया कळत नाही. त्याला फक्त पाणी कळतं."

बाबांनी मान हलवली. मग विचारलं, किती वर्षं जाईल आता? गायकवाडांनी सांगितलं, कोरडी ठेवली तर तुमच्या नातवंडांना पुरेल. बाबा खूश होऊन परत निघाले, आणि बोळाच्या तोंडाशी पोहोचल्यावर वळून मोठ्याने म्हणाले की टायर छान आहेत.

पासिंग झालं, तेही इथेच सांगून टाकते. दसऱ्यानंतर गेलो, आईसुद्धा आली, हट्टाने. इन्स्पेक्टरांनी दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, डावी सीट दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवून पाहिली. ती हलली नाही. आई शेजारी उभी राहून बघत होती, जणू तिचाच पेपर तपासला जातोय. पाच वर्षं मिळाली. तिचं वय आता सत्त्याहत्तर आहे. तिने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, म्हणजे पुढच्या पासिंगला मी ऐंशीच्या पुढे. तेव्हाही येईन.

पण मला सांगायचाय तो दसरा. गाडी आदल्या दिवशी घरी आली होती, आणि तिच्यात कसलाही वास नव्हता. खरं सांगू, मला चुकल्यासारखं झालं. सकाळी बाबा नेहमीसारखे बादली घेऊन खाली गेले, आणि त्या वर्षी पहिल्यांदाच मीही त्यांच्याबरोबर गेले. थोड्या वेळाने फाटकातून पांढऱ्याशुभ्र शर्टातले गायकवाड आले, विहारातून थेट. एवढ्या लवकर कसे, असं मी विचारलं तर म्हणाले, नारळावर नजर ठेवायला आलोय. बाबांनी हार घातला, लिंबं ठेवली, आणि नारळ घेऊन ते चांगली दहा पावलं लांब गेले. बिल्डिंगच्या कोपऱ्यात आमच्या सोसायटीचं नारळाचं झाड आहे, त्याच्या मुळाशी नारळ वाढवला आणि सगळं पाणी तिथेच ओतलं. मग पिशवीतून एक शहाळं काढून गायकवाडांच्या हातात दिलं. हे पूजेचं नाही, पिण्याचं आहे, असं बजावून सांगितलं. गायकवाडांनी ते तिथेच उभ्याने तोंडाला लावलं आणि शर्टावर एक थेंब सांडू दिला नाही.

जिन्यात काठीचा आवाज आला. आई उतरत होती, नवी निळी साडी, केसांत अबोली. मुलुंडला जायचं होतं, मावशीकडे, चुकलेली ओटी घेऊन. बाबा घाईघाईने डाव्या दाराशी गेले. दार उघडलं. आणि मग त्यांना सुचेना. अठरा वर्षं त्या क्षणाला त्यांच्या हातात काहीतरी असायचं, आता हात रिकामे. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, खिसे चाचपले. खिशात मला द्यायला ठेवलेली आपट्याची पानं होती. त्यातलं एक काढून ते खाली वाकले आणि उंबरठ्यावर ठेवलं. कोरडं पान, कुणाचं काय बिघडणार?

आई येऊन थांबली. तिने पान पाहिलं. बाबांकडे पाहिलं. मग तिने काठी माझ्याकडे दिली आणि हात पुढे केला.

"सोना हातात देतत," ती म्हणाली. "पायाकडे नाय."

बाबा परत वाकले. पान उचललं, सदऱ्याला पुसलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. गायकवाड झाडाकडे बघत होते. मी हवा तपासायच्या निमित्ताने टायर बघत होते.

मग ती बसली. आधी पाठ आत, मग उजवा पाय. डावा पाय उचलायला तिला दोन्ही हात लागतात, आणि एका हाताच्या मुठीत सोनं होतं. ती मूठ काही उघडेना. म्हणून बाबांनी तिचा डावा पाय दोन्ही हातांनी धरला, उचलला, आणि कोरड्या उंबरठ्यावरून अलगद आत ठेवला. गायकवाडांनी दार लावलं. मी किल्ली फिरवली.